दगडी पार चौकातली शांतता

"माणसाचा पहिला हक्क कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी अन्न म्हणणार नाही, वस्त्र म्हणणार नाही, मतदान तर मुळीच म्हणणार नाही. मी म्हणेन, शांतता. ज्या समाजाला स्वतःचा श्वास ऐकू येत नाही, त्याला स्वतःची चूकही ऐकू येत नाही."

हे मी एका संध्याकाळी आमच्या गॅलरीत उभा राहून, कठड्यावर दोन्ही हात टेकून, खालच्या चौकाला उद्देशून बोललो. चौकात ते कुणालाही ऐकू गेलं नाही. फक्त पाराजवळ म्हशीच्या कासेशी बसलेल्या हिंदुरावानं मान वर केली, कानाशी हात नेला आणि ओरडून विचारलं,

"सर, अर्धा का पाव?"

मागून रत्नप्रभा म्हणाली, "अर्धा सांगा. उद्या खीर करायची आहे."

मी बोटानं अर्धा दाखवला आणि आत आलो. मानवी हक्कांच्या इतिहासात अशा माघारी पुष्कळ झालेल्या आहेत.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं झाली. मी तेव्हा नुकताच राज्यशास्त्राच्या प्राध्यापकीतून निवृत्त झालो होतो. निवृत्तीनंतर माणसाला दोन गोष्टी मिळतात असं ऐकून होतो, मान आणि झोप. मानाबद्दल माझी तक्रार नव्हती, कारण अपेक्षाही नव्हती. झोप मात्र मी हिशेबात धरली होती.

आमचं घर कोल्हापुरात, दगडी पार चौकात, पहिल्या मजल्यावर. इतर शहरांत रात्री लोक पिऊन गोंधळ घालतात. आमच्या इथंही पिऊनच घालतात, फक्त दूध. संध्याकाळ झाली की हिंदुराव गवळी आपल्या चार म्हशी पाराला आणून बांधायचा. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसासकट पेला हातात द्यायचा, त्यानं तो तिथंच उभ्या उभ्या तोंडाला लावायचा, ही आमच्याकडची पिढीजात पद्धत. हिंदुरावाचे आजोबाही त्याच पाराला म्हशी बांधायचे. तोवर ठीक होतं. तालमीतली पाच-पंचवीस पोरं यायची, दूध प्यायची, मिशा पुसून जायची.

मग कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तो कुठं कुठं फिरला देव जाणे, पण पुढच्या हिवाळ्यापासून चौकात जत्रा लागली. पुण्याची माणसं गाड्या घेऊन दूध प्यायला यायची आणि म्हशीबरोबर फोटो काढायची. दुधामागून अंडाबुर्जीची गाडी आली, बुर्जीमागून आइस्क्रीम आलं, आइस्क्रीममागून पान. पूर्वी दिवेलागणीनंतर शटर ओढणारे आमच्या चौकातले दुकानदार आता मध्यरात्रीपर्यंत मोबाइलची कव्हरं विकू लागले. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली, त्यांच्या सीटवर ठेवून कापलेले वाढदिवसाचे केक, केकनंतर फटाके, आणि ज्याचा वाढदिवस त्याच्या नावाच्या आरोळ्या. त्या वर्षी ओळखपाळख नसलेल्या शे-दोनशे मुलांचे वाढदिवस मला पाठ झाले होते. स्वतःच्या जावयाचा मात्र विसरलो, आणि ते मला महागात पडलं.

"खिडकी लावा," रत्नप्रभा म्हणायची.

"लावलेली आहे."

"मग उशी घ्या कानावर."

"घेतलेली आहे. आता तू काय म्हणालीस तेही नीट ऐकू आलं नाही. त्यांचं सगळं ऐकू येतंय."

"ऐकू आलं नाही म्हणता, मग उत्तर कसं दिलंत?" असं म्हणून ती कूस बदलायची आणि झोपायची. तिला झोप यायची. संसारातला हा अन्याय कुठल्याच राज्यघटनेत नमूद नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीत ॲडव्होकेट काटकर राहायचे. उंच, बारीक, आवाज मात्र तीन माणसांचा. ते एक दिवस घरी आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "सर, समिती स्थापन झाली आहे."

"कसली?"

"शांतता संरक्षण समिती. तुम्ही अध्यक्ष."

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारायला आलोय ना. मी सचिव. सभासद उद्या गोळा करू. तुम्ही फक्त बोलायचं. तुमच्यासारखं बोलणारा माणूस या पेठेत नाही."

आतून कप आपटल्याचा आवाज आला. रत्नप्रभेला हसू आलं की ती भांडी आपटते. मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझ्या बोलण्याची कीर्ती मला ठाऊक होती. माझा आवाज चढत नाही, पडत नाही. सुरुवातीला जसा असतो तसाच शेवटी असतो. कॉलेजात त्याला 'सरांची संथ लय' म्हणत. निदान माझ्यासमोर तरी असंच म्हणत.

अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, आणि महापालिकेतून ढवळे नावाचे अधिकारी स्वतः आले. ते चौकात आले तेव्हा त्यांच्या एका हातात आवाज मोजायचं यंत्र होतं आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेला फलक. पाराच्या कट्ट्यावर बसून त्यांनी आधी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. एका बाजूला मी, काटकर आणि समिती. दुसऱ्या बाजूला हिंदुराव आणि त्याच्या मागं बुर्जी, आइस्क्रीम, पान या क्रमानं उभा असलेला व्यापार.

"हे बघा," ढवळे घाम पुसत म्हणाले, "महापालिकेनं या वर्षी दोन मोहिमा काढल्यात. एक, जागतं शहर, कमावतं शहर. रात्रीचा व्यवसाय वाढवायचा. दुसरी, शांत शहर, निरोगी शहर. रात्रीचा आवाज कमी करायचा."

"मग दोन्ही खात्यांच्या प्रमुखांना समोरासमोर बसवा," काटकर गरजले.

"बसवलंय. मी एकटाच आहे."

त्यांनी फलक उलगडून दाखवला. एका बाजूला पहिली घोषणा, मागच्या बाजूला दुसरी. कापड वाचवलं होतं.

त्यांची मला दया आली. मी म्हणालो, "साहेब, यात विरोध नाही. समतोल साधता येतो. कट्टा इथंच राहू दे. पण शांत कट्टा. आरोळ्या नाहीत, हॉर्न नाही, रेडिओ नाही, केक नाही. माणसानं यावं, दूध प्यावं, जावं."

ढवळ्यांचा चेहरा उजळला. "आठ दिवस करून बघू. जमलं तर कट्टा कायम. नाही जमलं तर," त्यांनी हिंदुरावाकडं पाहिलं, "म्हशी जकात नाक्यापलीकडं न्याव्या लागतील. तिथं महापालिकेची मोकळी जागा आहे."

हिंदुराव पुढं झाला. तो म्हणाला, "साहेब, नाक्यापल्याड दूध प्यायला कोन यायचं? ट्रकवाले? ते च्या पितात." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सर, आज्ज्यापास्नं हितं हाय आमी. हितनं उठलो तर म्हसरं इकायला लागतील, दुसरं काय न्हाई. तुमी म्हंताय तर गप बसवतो समद्यास्नी. पर तुमी सांभाळून घ्या."

"हिंदुराव, भिऊ नका. शांततेनं कुणाचं नुकसान झालेलं नाही," मी म्हणालो.

पहिल्या संध्याकाळी मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. असं दृश्य कोल्हापूरनं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. समितीनं पाराला पाट्या लावल्या होत्या. मोटारसायकली चौकाच्या तोंडालाच बंद करून पोरं त्या ढकलत आणत होती. बुर्जीवाला इम्तियाज तव्यावर उलथनं आपटायचं थांबला होता आणि कांदा असा परतत होता, की जणू तव्याखाली मूल झोपलं आहे. गिऱ्हाइकं बोटांनी सांगत होती, एक बोट म्हणजे पेला, दोन बोटं म्हणजे मोठा पेला. तालमीतले सहा फुटी पैलवान एकमेकांच्या कानाला लागून कुजबुजत होते. आमच्या गावात कुजबुजणं ही कला मानत नाहीत, घशाचा आजार मानतात. दोघा-तिघांनी त्यांना खरोखरच विचारलं, हळद-दूध घेतलंस का.

मला भरून आलं. मी आत जाऊन लवकर झोपलो. झोप गाढ लागली. इतकी, की सकाळी रत्नप्रभेनं नाकाजवळ हात धरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही.

"संपलं असेल," मी म्हणालो.

"निघालंच नाही म्हणतात," रत्नप्रभा म्हणाली. "मंजुळा पान्हवली नाही."

मंजुळा ही हिंदुरावाची मुख्य म्हैस. तिचं ओरडणं ऐकलेल्या कुणीही हे नाव ठेवलं नसतं, पण तिचं दूध चौकातल्या बाकीच्या तिघींपेक्षा जास्त आणि दाट. आणि बाकीच्या तिघी तिच्याकडं बघून चालायच्या. मंजुळेनं पान्हा सोडला की त्या सोडायच्या. मंजुळेनं आखडता घेतला की त्याही घ्यायच्या. कामगार संघटनांच्या अभ्यासकांनी खरं म्हणजे इथं यायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकं येऊन, बोटं दाखवून, रिकामे पेले बघून गेली. दूध नाही म्हणून बुर्जी नाही, बुर्जी नाही म्हणून आइस्क्रीम नाही. पाचव्या दिवशी हिंदुराव जिना चढून वर आला. धोतराचा सोगा हातात धरून दारातच उभा राहिला.

"आत या की भाऊजी," रत्नप्रभा म्हणाली. तिचं माहेर आणि हिंदुरावाची सासुरवाडी एकाच गल्लीतली, त्यामुळे ती त्याला भाऊजी म्हणायची, आणि मला हे नातं नेमकं कसं लागतं ते कधीच समजलं नाही.

"वैनी, बसाय येळ न्हाई. सर, म्हस दूध सोडंना."

"तब्येत बिघडली असेल. डॉक्टरला दाखवलं?"

"दाखीवलं. डाक्टर म्हंला, म्हस ठणठणीत हाय, तूच वाळलायस." तो उंबऱ्यावर टेकला. "सर, तिला कान भरल्याबिगर पान्हा फुटत न्हाई. पारडी हुती तवापास्नं ह्या गलक्यात वाढल्या. पोरं बोलत्यात, हॉर्न वाजतुया, रेडू चालू हाय, मंग ती निवांत हुती. आता समदं गप. ती कान टवकारून बघत्या, का काय झालं, कोन मेलं का काय."

"पण पोरं कुजबुजतात ना."

"तेनं तर जास्तच बिगाडलं. कुजबुज आयकली का तिला वाटतंय चोर आल्यात."

"रेडिओ अगदी हळू लावून बघा."

"तुमीच बंद केलासा की. पाटीवर ल्हिवलंय."

पाटी मीच लिहिली होती. मी विषय बदलला. तेवढ्यात काटकर आले. कुणाच्या घरी काही अडचण आली की काटकरांना वास येतो. सगळं ऐकून ते म्हणाले, "यात काय आहे? इंजेक्शन मिळतं. टोचलं की पाचव्या मिनिटाला दूध. अर्थात कायद्यानं बंदी आहे. मी आपली माहिती सांगितली."

हिंदुराव उठून उभा राहिला. "वकीलसाहेब, सुई टोचायची असती तर मी कट्टा कशाला चालवला असता? पिशव्या भरून इकल्या असत्या. माझ्या हितं मानूस समोर बघून पितंय." मग माझ्याकडं पाहून हळूच म्हणाला, "सर, तीन दिस ऱ्हायल्यात. आठव्या दिशी ढवळेसाहेब येनार. दूध न्हाई दिसलं तर म्हंतील, कट्टा कशाला पायजे, हलवा. काय तर करा."

तो खाली उतरला. काटकर म्हणाले, "प्रश्न आपोआप सुटतोय, सर. आपण काही करायची गरज नाही."

खरं होतं ते. मला शांतता हवी होती, ती मिळाली होती. आणखी तीन दिवस गप्प बसलो की कायमची मिळणार होती. मी तसं म्हणालोही. रत्नप्रभा चहाचे कप उचलत होती. ती म्हणाली, "लग्नानंतर मी या घरात पहिल्यांदा आले ना, तेव्हा सासूबाईंनी हिंदुरावाच्या वडिलांकडनं दूध आणून माझ्या हातात दिलं होतं. आता सुनेला पिशवी फाडून देऊ."

आम्हाला सून नव्हती, मुलगी होती. पण असे मुद्दे तेव्हा काढायचे नसतात.

पुढचे तीन दिवस मी टेबलाशी बसलो. समतोलाची नवी योजना काढायची ठरवली. शांतता आणि व्यापार या दोन्ही गोष्टी एकमेकांच्या शत्रू नाहीत हे मला ढवळ्यांना पटवून द्यायचं होतं. कट्ट्याला मर्यादित गलक्याची परवानगी मिळावी, ठरावीक वेळ, ठरावीक पातळी, अशी माझी मागणी होती. ती दोन ओळींत मांडता आली असती. पण दोन ओळींत मांडलेल्या मागणीला आपल्याकडं कुणी किंमत देत नाही. मी पार्श्वभूमीपासून सुरुवात केली.

आठव्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हाच चौक भरला. समिती एका बाजूला, व्यापार दुसऱ्या बाजूला. तालमीची पोरं तोंडावर बोट ठेवून बसलेली. हिंदुराव मंजुळेच्या कासेशी, बादली मांडीत धरून. ढवळ्यांनी पाराच्या कडेला यंत्र ठेवलं, फलक शेजारी ठेवला, आणि म्हणाले, "सुरू करा. दूध दाखवा."

हिंदुरावानं कास धुतली, थापटली, पुटपुटला. मंजुळेनं मान वळवून साऱ्या चौकाकडं बघितलं. चारशे माणसं श्वास रोखून उभी होती. असं शांत मी विधान परिषदेतही कुणाला पाहिलं नाही. मंजुळेनं एक लांब उसासा सोडला आणि मागचा पाय पुढं घेतला. थेंब नाही.

ढवळ्यांनी घड्याळ बघितलं. काटकर त्यांच्या तीन माणसांच्या आवाजात म्हणाले, "साहेब, दूध नाही, तर कट्टा नाही. निर्णय द्या." मंजुळा बिचकून दोन पावलं मागं सरली. यंत्राचा काटा वर गेला. ढवळे म्हणाले, "वकीलसाहेब, आज आल्यापासून नोंदलेला सगळ्यात मोठा आवाज हा तुमचा आहे."

हिंदुराव माझ्याकडं बघत होता. मी पुढं झालो. पारावर उभं राहायला म्हशीच्या पुढ्यात तेवढी एक जागा होती, तिथं चौकाकडं तोंड करून, मंजुळेकडं पाठ करून उभा राहिलो.

"सभ्य नागरिकहो," मी म्हणालो, "शहर म्हणजे काय, याचा विचार प्रथम ग्रीकांनी केला."

समितीतल्या दोघांनी लगेच भिंतीला पाठ टेकली. माझ्याकडून शिकलेले होते बहुतेक. पण मी नाउमेद झालो नाही. ग्रीकांच्या नगरराज्यात बाजारपेठ आणि सभास्थान एकच कसं होतं ते सांगितलं. तिथून रोमला आलो. रोममध्ये रात्री मालाच्या गाड्या फिरत आणि लोकांची झोपमोड होई, ते विस्तारानं सांगितलं. आणि हळूहळू मला जाणवू लागलं, की काहीतरी विलक्षण घडतं आहे.

लोक ऐकत होते.

अख्ख्या नोकरीत मी असं ऐकताना कुणाला पाहिलं नव्हतं. पुढची माणसं हळूहळू वाकून पुढं आली. मागची टाचा उंचावून बघू लागली. कुणी खोकलं तर शेजारचा त्याला ढोसायचा. इम्तियाज बुर्जीची गाडी सोडून आला होता आणि त्याचे डोळे विस्फारले होते. सगळ्यांच्या नजरा माझ्या कोपराच्या जरा खाली खिळल्या होत्या. मी ते आदराचं लक्षण मानलं. वक्त्याच्या तोंडाकडं बघत ऐकायला सगळ्यांना संकोच वाटतोच. ढवळे पुढं सरसावून बसले होते, आणि मधूनमधून यंत्राकडं बघून मान डोलवत होते.

मी मध्ययुगात आलो. तिथं थोडा दम घ्यायला थांबलो, तर मागून हिंदुरावाचा दबका आवाज आला, "सर, थांबू नका. लई चांगलं चाललंय."

मला उत्साह आला. मी मध्ययुग सविस्तर घेतलं. संघ, पेठा, चौकीदार, तास वाजवणाऱ्या घंटा. मग मी म्हणालो, "आता मी मुद्द्यावर येतो," आणि आवाज थोडा चढवला.

चौकात हळहळ पसरली. खरोखर पसरली. इम्तियाजनं दोन्ही हातांनी मला खुणावलं, हळू हळू असं. हिंदुराव मागून म्हणाला, "नको सर, मुद्द्यावर नको. ते मगाचंच सांगा, घंटा-बिंटा."

एवढी ज्ञानाची भूक मी आयुष्यात बघितली नव्हती. मी आवाज पुन्हा खाली आणला आणि घंटांकडं परत गेलो. घंटांवरून मी दुष्काळातल्या नगरपालिकांवर गेलो, तिथून संस्थानकाळातल्या बाजारव्यवस्थेवर. मुद्दा एकदाही आला नाही. बोलता बोलता सूर्य बुडाला. शेवटी माझाच घसा बसला तेव्हा मी थांबलो. आणि टाळ्या. पेठेनं माझ्यासाठी वाजवलेल्या त्या पहिल्या आणि शेवटच्या टाळ्या.

गर्दी पुढं धावली. मला वाटलं हात मिळवायला. माझ्या दोन्ही बाजूंनी गर्दी पारावर चढली आणि माझ्या मागं काहीतरी गडबड उडाली. धक्क्यात माझा चष्मा पडला, तो शोधण्यात पुढचा सगळा कल्लोळ मला धूसर दिसला. पेल्यांचा खणखणाट तेवढा ऐकू आला. लोकांना भाषणानंतर तहान लागते, हे मला माहीत होतं.

ढवळे उभे राहिले. त्यांच्या हातात पेला होता आणि वरच्या ओठावर पांढरा फेस. "माझा निर्णय झाला," ते म्हणाले. "कट्टा इथंच राहील. अट एकच. आवाज आज होता तेवढाच. यापेक्षा वर गेला तर मी परत येईन." मग त्यांनी फलक उचलला, कोणती बाजू पुढं करावी ते त्यांना सुचेना, आणि तो गुंडाळून काखेत मारून गेले.

काटकरांनी त्याच संध्याकाळी समितीचा राजीनामा दिला. "सर, तुम्ही आमचा खटला हरवलात," ते म्हणाले.

"मी खटला जिंकला, काटकर. दोन्ही बाजूंनी."

घरी आलो तर रत्नप्रभेनं पाटावर गरम दुधाचा पेला ठेवला होता, साय धरलेला. मी विचारलं, "गॅलरीतून ऐकलंस?"

"ऐकलं आणि बघितलं."

"कसं झालं?"

"चांगलं झालं. कुणाला वाटलं नव्हतं इतकं निघेल."

"माझा विषयच तसा होता."

"हो," ती म्हणाली, आणि भांडी घासायला आत गेली. बराच वेळ आत भांडी आपटत होती.

रात्री चौकात कुणी ओरडलं नाही. हॉर्न वाजला नाही. मी उशी न घेता झोपलो. झोपताना विचार करत होतो, की मी बोललो आणि लोकांचं मन पालटलं. शब्दांत शक्ती असते असं मी मुलांना पुस्तकातून वाचून दाखवत आलो होतो, पण स्वतः बघितली त्या दिवशी. उद्या ते भाषण लिहून काढावं, छापावं, महापालिकेला एक प्रत द्यावी, असं सगळं ठरवून झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिंदुराव वर आला. हातात काठोकाठ भरलेला तांब्या. पुन्हा दारात उभा.

"भाऊजी, कालच्यासारखंच आहे का आज?" रत्नप्रभेनं विचारलं.

"न्हाई वैनी. कालचं व्हतं ते घिऊन आलोय, इरजन लावायच्या आदी काढून ठिवल्यालं. आज परत तेच. सोडंना." तो माझ्याकडं वळला. "सर, काल काय झालं तुमास्नी ठावं हाय का?"

"आहे की. साहेबांना माझं म्हणणं पटलं."

हिंदुरावानं रत्नप्रभेकडं बघितलं. रत्नप्रभेनं खिडकीबाहेर बघितलं.

"सर," तो म्हणाला, "तुमी तोंड उघडलंसा आन् मंजुळानं पयली धार सोडली. ते गिरीक गिरीक चाललं आन् तिचं डोळं मिटलं. रवंथ करत हुबी. बादली भरली, दुसरी घेतली. तिला बघून बाकीच्या तिघीबी लागल्या. तुमी मदी दम घेतलासा, तर धार बंद. परत सुरू केलंसा, परत चालू. एवढं दूध तिनं बापजन्मात दिलं न्हाई."

मी खुर्चीत बसलो होतो ते बरं झालं.

"मग टाळ्या?"

"तिसरी बादली भरली तवा वाजीवल्या."

मी तांब्याकडं बघत राहिलो. दाट दूध होतं, यात शंका नाही.

"आज सकाळधरनं समदं करून बघितलं," हिंदुराव सांगत होता. "रेडू हळू लावला, तिला पटंना. तालमीतल्या एकाला पेपर वाचायला बशीवला, तो दोन ओळी वाचून अडकतोय. काटकर वकिलांस्नी इनंती केली, त्यास्नी लाथ बसली. आन् साहेबांनी तर सांगिटलंय, आवाज कालच्याएवढाच. कालचा आवाज म्हंजे तुमीच की."

खालून मंजुळा ओरडली. तिच्या ओरडण्यात थोडी अधीरता होती, किंवा मला तशी वाटली. रत्नप्रभेनं खुंटीवरचा माझा कोट काढून हातात धरला. अंगात घालायला मागं उभी राहिली, लग्नाच्या पहिल्या वर्षी राहायची तशी.

मी कोट घातला. "रोज यायचं?"

"रोज तासभर. दिवेलागणीच्या टायमाला. विषय काय बी चालतंय, ती नावं ठेवत न्हाई." हिंदुराव तांब्या उंबऱ्यावर ठेवत, हात जोडून म्हणाला, "फकस्त सर, तेवढं मुद्द्यावर येऊ नका."